उंडीचा तळ

होडी घेतली तेव्हा तिचा आतला, पाय ठेवायचा तळ कुजलेला होता, हे मला दिसत होतं. मी काही आंधळी नव्हते. चेन्नईत पेरुंगुडीच्या पुढे, जुन्या महाबलीपुरम रस्त्यानं दक्षिणेला गेलं की खाडी लागते. तिच्या काठी कोळंबी पकडणारी एक अक्का राहायची. तिच्या माडाखाली ती फायबरची जुनी होडी पालथी पडून होती. आम्ही दोघींनी ती उताणी केली. आतल्या प्लायवूडवर मी बोट दाबलं तर बोट आरपार गेलं. "वेंडाम्मा," अक्का स्वतःच म्हणाली, नको घेऊस. मला कुणी नको म्हटलं की माझं ठरतंच. मी घेतली.

माझे बाबा वेंगुर्ल्याकडचे होड्या बांधणारे मेस्त्री. आमच्याकडे रीत अशी की, नव्या तळावर मेस्त्र्यानं बोलावल्याशिवाय कुणी पाय ठेवायचा नाही. होडीचा मालक गावातला केवढाही मोठा माणूस असो, तो हातात नारळ घेऊन गुडघाभर पाण्यात उभा राहतो आणि विचारतो, "मेस्त्री, येव काय?" मेस्त्री नारळ घेतो, "येवा" म्हणतो, मग मालक चढतो. बायकांनी तर त्या दिवशी होडीच्या जवळपासही फिरकायचं नाही.

मी नऊ वर्षांची असताना अशाच एका होडीवर चढले होते. अर्ध्या बसवलेल्या फळ्यांवरून धावत पार टोकापर्यंत गेले. बाबांनी दंडाला धरून मला खाली उतरवलं आणि माझी पावलं उमटली होती तिथे नारळ फोडून पाणी शिंपडलं. दोन धपाटे घातले असते तर विसरले असते. पण ते पाणी मी विसरले नाही. मी बसवलेल्या तळासमोर त्यांनी पाण्यात उभं राहून मला विचारावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी होडी घेतली. मासे कुणाला पकडायचे होते?

तेव्हा मी गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात नोकरीला होते. गाड्यांचे सुटे भाग तपासायचे, वाकडा निघाला की बाजूला फेकायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या मालाला नाही म्हणायची सवय लागली होती. रविवारी घरी फोन केला आणि बाबांना विचारलं, फायबरच्या होडीत तळाला काय घालू?

पलीकडून, "तुका कित्याक व्हया होडी?"

"तळाला काय घालू, तेवढं सांगा."

"प्लाय घाल आणि मोकळी हो," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! या माणसानं उभ्या जन्मात होडीत प्लाय घातलं नव्हतं. गिऱ्हाइकानं प्लायचं नाव काढलं तर त्याला दारातून परत पाठवायचे. मला मात्र प्लाय. म्हणजे माझी होडी होडीच नव्हे, माझं काम कामच नव्हे. ठीक आहे, म्हटलं. नका सांगू.

कारखान्यातला सुपरवायझर म्हणाला, ॲल्युमिनियमचा खडबडीत पत्रा घाल, पाय घसरणार नाही. मी एक तुकडा गच्चीवर दुपारभर ठेवला. पाय टेकवला आणि उडालेच. चेन्नईच्या उन्हात त्या पत्र्यावर डोसा निघाला असता. आणि खाऱ्या पाण्यात स्क्रूभोवती तो कसा खाल्ला जातो, ते मी रोज तपासणीच्या टेबलावर बघत होते. पत्रा बाद.

सागाचा विचार केला, पण चांगला साग वजनदार, आणि वल्ही मारणारी मी एकटी. मग दगडापेक्षा वीट मऊ म्हणून मरीन प्लायकडे वळले. दुकानदारानं मागचा शिक्का दाखवला. शिक्क्यावर विश्वास ठेवायला मला पगार मिळत नव्हता. मी तुकडा आणला आणि खोलीतल्या प्रेशर कुकरमध्ये उकळायला टाकला. बरोबर राहणारी मैत्रीण ओरडली, "अगं, त्यात मी वरण लावते!" चौथ्या शिट्टीनंतर झाकण काढलं, तर प्लायचे पापुद्रे सुटून पाण्यावर तरंगत होते. तिनं नवीन कुकर आणायला लावला, आणि मी निमूटपणे आणला. पण प्लायही बाद.

उरली उंडी. खरं तर ती पहिल्यापासून माझ्या डोक्यात होती. बाबांच्या शेडमधला तो कडवट वास, उंडीच्या फळ्या आणि त्यांना चोळलेलं उंडेल तेल. लाकडाच्या वखारीत गेले आणि मोडक्या तमिळमध्ये म्हटलं, "उंडी वेणुम," उंडी हवी. मालकाचा चेहरा एकदम भक्तिभावानं भरला. "उंडियला? कोविलुक्का?" मी जोरजोरात मान हलवली. कोविल म्हणजे देऊळ, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलंच नाही. त्यानं मला बसवलं, पाणी दिलं, आणि आतून पॉलिश केलेली, वर फट असलेली, कुलूप लावायची कडी असलेली सुंदर पेटी आणून माझ्यापुढे ठेवली. दानपेटी! देवळात पैसे टाकतात ती, तमिळमध्ये उंडियल.

"अरे देवा, पेटी नकोय मला, लाकूड हवंय लाकूड!" मी चक्क मराठीत ओरडले.

कोपऱ्यात बिलं लिहिणारे म्हातारे मुनशी होते. कपाळाला गंध, नेसायला पांढरीशुभ्र वेष्टी. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि तमिळ हेल काढत विचारलं, "अक्का, तुम्हांस काय होणे?"

मी बघतच राहिले. तंजावरकडच्या मराठी घरातले होते ते. त्यांचं 'होणे' म्हणजे हवं असणं. बाबांचं 'व्हया' तेच. फरक एवढाच की बाबांनी विचारलं होतं कशाला हवं, आणि या परक्या माणसानं विचारलं काय हवं. माझे डोळे भरून आले. मी झाडाचं वर्णन केलं: समुद्राकाठी वाढतं, पांढरी फुलं, गोल फळं, बियांचं कडू तेल निघतं. "ते पुन्नै," ते हसून म्हणाले. मालकाशी तमिळमध्ये बोलले आणि मागच्या छपरातून दक्षिणेकडून आलेल्या फळ्या काढायला लावल्या. मी एका फळीला नाक लावलं. उंडीच होती.

मग काय, आपला हात जगन्नाथ. तीन महिने दर रविवारी अक्काच्या माडाखाली. कुजलेलं सगळं खरवडलं, आतल्या आडव्या फासळ्या नव्या केल्या, फळ्या तासल्या, तेल पाजलं, पितळी स्क्रू मारले. पाण्याला वाट राहावी म्हणून दोन फळ्यांत नखभर फट सोडली. दोनदा माप चुकलं, एकदा अंगठा फुटला. येणारे जाणारे थांबून हसायचे. हसा म्हटलं, दात तुमचेच.

जुलैत कोकणातल्या होड्या वर ओढलेल्या असतात, कामं बंद. आईनं बाबांना माझ्याकडे पिटाळलं. मी त्यांना स्टेशनवरून थेट खाडीवर नेलं. त्यांनी होडीच्या बाहेरूनच वाकून बोटाच्या पेरानं फळ्या ठोकल्या, फटीत नख घातलं, बोट हुंगलं.

"ही फळी उलटी बसली हा," शेवटी म्हणाले.

"मुद्दाम. ती स्क्रूनं बसवलेली नाय. उचलता येते. पाणी उपसूक."

त्यांनी उचलून बघितली. परत ठेवली. नीट बसली.

"कोणी शिकवल्यान तुका?"

"तुमीच," मी म्हटलं. "लांबसून."

त्यांनी पिशवीत हात घातला आणि नारळ काढला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वेंगुर्ल्याहून चेन्नईपर्यंत हा माणूस नारळ घेऊन आला, माझी पावलं धुवायला! मी होडी ढकलत पाण्यात नेली, वर चढले आणि तळाच्या मधोमध पाय रोवून उभी राहिले. म्हटलं, शिंपडून तर दाखवा.

बाबा धोतर सावरत चपलांसकट पाण्यात उतरले. गुडघाभर पाण्यात, होडीला हात न लावता थांबले. दोन्ही हातांत नारळ धरला आणि खाली बघत म्हणाले, "मेस्त्री, येव काय?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. वीस वर्षं थांबले होते, तेही थोडे थांबू देत. काठावर अक्का कोळंबी निवडायची थांबून आमच्याकडे बघत होती. बाबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, तेव्हा मी वाकून नारळ घेतला.

"चपला काढा," मी म्हटलं. "मग येवा."