काकीच्याच खाचरात काकीला नोटीस

वरव्याजवळच्या एका छोट्या कारखान्यात मी पॅकिंगच्या लाइनीवर सात वर्षं खोकी चिकटवली आणि गेल्या उन्हाळ्यात सुपरवायझर झालो. वरचे साहेब मला झापायचे. त्यांच्यासमोर बोलायची छाती नव्हती, म्हणून सगळं गिळायचो आणि मग लाइनीवर येऊन ओकायचो. त्याला मी 'शिस्त' म्हणायचो.

भाताच्या लावणीला रजा काढून वेल्ह्याकडच्या आमच्या गावी गेलो. आमच्याकडे लावणी सावडीनं होते. आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. मजुरी नाही, ज्याचं खाचर, त्याच्या घरी जेवण. दहा-बारा जण चिखलात वाकलेले. मी लावत कमी होतो, बघत जास्त. कुणाची ओळ वाकडी गेली की टाळी वाजवायचो. कुणी सांगितलं नव्हतं, हौस!

तेवढ्यात माझी चुलती बांधावर टेकली. साठी ओलांडलेली, गुडघे गेलेले. रोप चिमटीत कसं धरायचं, हे मला तिनंच शिकवलेलं. मी मोबाईलात वेळ बघितली.

"काकी, सुट्टी अकराला. असं चालणार नाही. तुम्हाला कामावरून कमी करावं लागेल."

जन्मात पहिल्यांदा तिला 'तुम्ही' म्हणालो, तेही नोटीस द्यायला.

पलीकडून वहिनी म्हणाली, "अवो भावजी, खाचर कुनाचं हाय ह्ये?"

खाचर काकीचं होतं.

"मालकिणीलाच काडताय व्हय सायेब?" शेजारचा दादा ओरडला. "मग आमाला जेवाय कोन घालनार?"

सगळे हसले. मीही हसलो, जरा जास्तच मोठ्यानं. काकी हसली नाही. ती उठली, पदर खोचला आणि दिवस मावळेपर्यंत बसली नाही.

दुसऱ्या दिवशी माझं खाचर. वाटलं, काकी येणार नाही. ती सगळ्यांच्या आधी आली. मुकाट्यानं लावत राहिली. मी दोनदा म्हणालो, "बस की जरा." तिनं मान वर केली नाही. दुपारी सगळे हातपाय धुऊन आमच्या पडवीत जेवायला बसले आणि ती सरळ आपल्या घरी गेली. सावडीला आलेलं माणूस न जेवता गेलं, म्हणजे त्या घराशी त्यानं संबंध तोडला. आई हातातली पळी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली.

ताट घेऊन मीच गेलो.

"काकी, चुकलं माझं. डोक्यात कारखाना घुसलाय."

"माजं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तितं माज्या वयाच्या बाया हाईत का?"

"हाईत दोघी."

"त्यास्नी बी असंच बोलतोस?"

आदल्याच शनिवारी लाइनीवर त्या दोघींतलीच एक कंबर धरून खोक्यावर टेकली होती. तिलाही मी हेच ऐकवलं होतं, अगदी याच शब्दांत. तिथं कुणी हसलं नव्हतं. "चुकलं साहेब," म्हणून ती उठली होती. आणि तेव्हा मला बरं वाटलं होतं.

"न्हाई गं," मी म्हणालो.

काकीनं क्षणभर माझ्या तोंडाकडे बघितलं. "मग झालं तर," म्हणाली, ताट घेतलं आणि भाकरी मोडली. आत ये म्हणाली, पण माझ्यानं उंबरा ओलांडवला नाही. ती जेवत होती आणि मी बाहेर उभा होतो.