हळदीची राखण

त्या संध्याकाळी मी आन् बायकोनं वाळत घातलेली हळद उलथली. तवा मी पोराच्या किराणा दुकानात बसायचो. बायको म्हणाली, "तुमी गिऱ्हाइकाची पिशवी उघडून बघता. दुकानात काहून बसता? माळावर लोकांच्या हळदीला राखणदार पाहिजे, तिथं जा." मला वाटलं, मला काढायला पोरानंच हिला पढवलं.

पहाटे ती झोपेतच गेली.

माती देऊन आल्यावर पोरगं म्हणालं, "बाबा, दुकान सोडू नका. मन रमंल." म्हंजे त्यानं पढवलं नव्हतं. तिनंच मला बराबर ओळखलं होतं. माणूस समोर आला की मी आधी त्याचे हात बघतो, व्हय.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठी घेतली आन् माळावर हळदीपाशी जाऊन बसलो.