नणंदेच्या नावाने

कुंभिवलीच्या आमच्या कारखान्यात सुप्रिया कामगारांच्या विम्याचं काम बघते आणि शेजारच्या टेबलावर मी हजेरी बघतो. ती नेरळची, कामाला चोख. तिचा एक बाणा आहे: विचारलं तेवढंच सांगायचं, कुणाच्या घरात डोकावायचं नाही. मला तो बाणा फार आवडायचा. आता त्याची भीती वाटते.

यंदाच्या विम्यात मूल होण्यासाठीच्या उपचारांचा खर्चही आला. सुप्रियाने सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बसवून तो समजावला. एक अट मात्र तिने वाचलीच नाही. बाईला चाळीस पूर्ण व्हायच्या आत अर्ज गेला पाहिजे, अशी ती अट होती. एवढ्या पुरुषांसमोर बायकांच्या वयाचं काय बोलायचं, ज्या येतील त्यांना सांगेन, असं ती म्हणाली. मीही मान डोलावली. कुणीच काही विचारलं नाही. कोण विचारणार? आमच्याकडे बाई स्वतःचं दुखणंही शेजारणीचं म्हणून सांगते.

आठवड्याभराने डबे धुवायच्या नळावर पॅकिंगमधली भाग्यश्री सुप्रियाशेजारी येऊन उभी राहिली. मी मागेच होतो.

"मॅडम, माज्या नणंदंला पोर नाय. तिचं बसंल का यात?"

"नणंद नाही बसत, ताई. तुम्ही, नवरा आणि मुलं, एवढीच माणसं."

"बरं," भाग्यश्री म्हणाली आणि धुतलेलाच डबा पुन्हा धुवू लागली.

महिन्याने ती परत आली. नणंदेच्या नवऱ्याची सही लागते का, म्हणाली. सुप्रियाने तेच उत्तर दिलं. दिवाळीनंतर तिसऱ्यांदा आली तेव्हा नळावर गर्दी होती आणि सुप्रिया वैतागली. "अहो ताई, किती वेळा सांगू? नणंदेचं नाही होत!" रांगेतल्या बायका हसल्या. त्यानंतर भाग्यश्री आमच्या खिडकीवरून मान खाली घालून जायची. मला ते खटकायचं. पण आपल्याला काय करायचंय, म्हणून मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला आज लाज वाटते.

गेल्या सोमवारी याद्या तपासताना सुप्रिया सहज म्हणाली, "भाग्यश्रीताईंच्या नणंदेचं पुढे काय झालं असेल हो?"

"कसली नणंद?" इतके दिवस मनात ठेवलेलं मी शेवटी बोलून गेलो. "तिचा नवरा राजेश आमच्याच आळीतला. आईबापाला एकटाच आहे तो. त्याला बहीण कुठून आली?"

सुप्रियाने हातातली यादी खाली ठेवली. तिने भाग्यश्रीचं पान उघडलं. मुलांचा रकाना कोरा होता. मग तिने जन्मतारीख पाहिली, बोटांवर वर्षं मोजली, पुन्हा मोजली. आदल्याच दिवशी, रविवारी, भाग्यश्रीला चाळीस पूर्ण झाली होती.

सुप्रिया जवळजवळ धावतच पॅकिंगमध्ये गेली. मी तिच्या मागोमाग. भाग्यश्री खोक्यांना पट्टी चिकटवत होती.

"ताई, ती तुमची नणंद..."

भाग्यश्रीने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "नणंद नाय, मॅडम. ती मीच." एवढं बोलून झाल्यावर तिला धीर आला असावा. तिने मान वर केली. चेहऱ्यावर इतकी आशा होती की मला बघवेना. "आता माजं म्हनून इचारते. माजं बसंल का?"

सुप्रियाने खोटं बोलावं, असं मला मनापासून वाटलं. पण तिला ते येत नाही.

"नाही, ताई," ती म्हणाली. "शनिवारपर्यंत बसलं असतं."