आमच्यात होत नाही म्हणे

जेठाने, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाने, पेपर माझ्या अंगावर फेकला. मला पाचवा महिना होता. पेपर पोटावर आपटून खाली पडला.

"वाच," तो म्हणाला. "सातवी शिकलीस ना मिठागरात?"

हॉलमध्ये सासू होती, नवरा होता आणि नात्यातले दोन बुजुर्ग मुद्दाम बोलावून आणले होते. त्यातला एक हसला. मी वाकून पेपर उचलला. वाकताना नवऱ्याकडे बघितलं. तो पंख्याकडे बघत होता.

बातमी सुन्नतीची, म्हणजे सुंतेची होती. आफ्रिकेत डॉक्टरांनी तपासून पाहिलं, सुन्नत झालेल्या पुरुषांना एड्सची लागण कमी होते, असं. कमी होते, एवढंच लिहिलं होतं. जेठाने बातमीभोवती पेनाने चौकट काढली होती आणि त्याच्या लेखी कमी म्हणजे अजिबात नाही.

"आमच्या घरातल्या प्रत्येक मर्दाची सुन्नत झालेली आहे," तो बुजुर्गांना म्हणाला. "हा रोग आमच्यात येऊच शकत नाही. मग आणला कोणी? हिने."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

ही २००७ सालची गोष्ट. जेठ विरारच्या बिल्डरांना सळया पुरवायचा. बोळिंजला त्याचे दोन फ्लॅट होते, एकात तो आणि समोरच्यात आम्ही. माझा बाप मिठागरावर मीठ ओढायचा. आमच्या गावात पाण्याला पानी म्हणतात. लग्न होऊन आले त्या आठवड्यात पाहुण्यांसमोर सासूने मला 'पाणी' असं म्हणायला लावलं होतं. मी तीनदा चुकले आणि सगळे तीनदा हसले. मीही हसले होते. तेव्हा वाटायचं, मोठ्या घरात दिलंय, एवढं चालायचंच.

मोठं घर आमच्या दारात आलं कसं, हा प्रश्न तेव्हा आमच्यात कुणी विचारला नाही. नवरा गल्फला कामाला होता. सुट्टीवर आला, परत जायच्या आधी मुंबईला मेडिकल झालं आणि तो अनफिट निघाला. छातीच्या फोटोत डाग आहे, औषधाने जाईल, असं आम्हाला सांगितलं. मग घाईने लग्न झालं. देणंघेणं काही नको, फक्त मुलगी द्या. आई म्हणाली, पोरीने नशीब काढलं. बिचारीने सगळ्या गावाला सांगितलं.

पेपर फेकला त्याच्या आठवडाभर आधी मी वसईच्या सरकारी दवाखान्यात गेले होते. पोटुशी बाई आली की तिथे सगळ्यांचंच रक्त तपासतात. माझं तपासलं, मग एका मॅडमने मला आत बोलावून दार लावून घेतलं. त्या समुपदेशक होत्या. माझ्या रक्तात एचआयव्ही निघाला, असं त्यांनी सांगितलं आणि माझे कान बंद झाले. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. बाहेर आले तर नर्स दुसरीला म्हणाली, ह्यांच्यात तर होत नाही म्हणतात ना. म्हणजे माझ्या घराबाहेरही लोक हेच धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी परत गेले. एकटीच. मॅडमना सरळ विचारलं, आमच्यात पुरुषांची सुन्नत झालेली असते, मग मला कसं झालं? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बाईकडून पुरुषाला लागण व्हायचा धोका सुन्नतीने कमी होतो. संपत नाही. आणि पुरुषाला झालेला असला तर त्याची सुन्नत बायकोला वाचवते, असं कुठे दिसलेलं नाही. तिथे निरोधच लागतो."

मग त्यांनी नवऱ्याचं विचारलं. गल्फ, मेडिकल, अनफिट, सगळं मी सांगितलं. त्या मेडिकलमध्ये ह्या रोगासाठीही रक्त तपासतात, एवढंच त्या बोलल्या. आणि एक बजावलं, बाळंतपण इथेच करायचं. कळा सुरू झाल्या की मला औषध, जन्मल्यावर बाळाला औषध. मूल वाचण्याचा तोच रस्ता होता. बाकी सगळं विसरले असते, पण हे मी घट्ट धरून ठेवलं.

घरी सांगितलं ते मीच. नवऱ्याला म्हटलं, चल, तूही रक्त दे. तो उठून समोरच्या फ्लॅटमध्ये भावाकडे गेला. त्यातून ही बैठक निघाली.

तर जेठाने निकाल दिला. पहिलं बाळंतपण माहेरी होतंच. हिला आत्ताच पाठवून देऊ, लोक काही विचारणार नाहीत. किती सोपं. रीत आहे, साडी-चोळी करून पाठवायचं आणि न्यायला कुणी यायचंच नाही. गावात दवाखान्याच्या नावाने एक कुलूप लावलेली खोली होती. तिथे माझ्या बाळाला कोण औषध देणार होतं? आणि गावभर झालं असतं, पोरगी घाण रोग घेऊन आली, म्हणून टाकली.

त्या हॉलमध्ये मी जेठासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. ओढणी कपाळापर्यंत ओढून चहा ठेवायचा आणि आत जायचं. त्या दिवशी अंगाची लाही लाही होत होती. शहरातली भाषा कुठल्या कुठे गेली.

"भाईजान, यांना मेडिकलला अनफिट कशापायी केलं?"

"छातीवर डाग होता. माहीत आहे तुला."

"मंग डागाची गोली कधी खाल्ली यांनी? मी या घरात एक दिस नाय बगली."

मी नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिले. त्याला आता पंखा दिसेना. तो खाली बघून बोलला, अगदी हळू.

"भाईला माहीत होतं. मेडिकलवाल्यांनी सांगितलेलं. भाई म्हणाला, आपल्यात होत नाही, मशीन चुकलं असेल, तू लग्न करून घे."

मशीन चुकलं असेल! परत एकदा रक्त तपासायला काय झालं होतं? त्याची गरजच वाटली नाही ह्यांना. लहानपणी झालेली सुन्नत हाच ह्यांचा रिपोर्ट. आणि त्या भरवशावर एक गरिबाची पोर आणून बिछान्यावर घातली. ह्यांच्या बरोबरीच्या घरची असती तर? तिच्या बापाने चौकशी केली असती. म्हणून तर मिठागरात आले होते मुलगी बघायला.

जेठ ओरडला, आवाज खाली. सासू रडायला लागली, घराची अब्रू जाईल म्हणाली. माझी अब्रू कधीच काढून झाली होती, ती कुणाच्या लक्षात नव्हती.

"मी जानार नाय," मी म्हटलं. "बालंतपन वसईच्या दवाखान्यात करनार. मला भायेर काढलं तर खाली गेटवर उभी ऱ्हाईन नि सगल्या बिल्डिंगला सांगेन, कुनी कुनाला काय दिलं ते."

हसणारा बुजुर्ग चपला शोधायला लागला.

मी गेले नाही. नवऱ्याचं रक्त तपासलं, जे यायचं तेच आलं. स्वयंपाकघरात सासूने माझा पेला वेगळा काढला होता, मी नवऱ्याचाही काढून त्याच्या शेजारी ठेवला. दुसऱ्या दिवशी दोन्ही पेले मांडणीत परत गेले. निरोधाशिवाय मी नवऱ्याला जवळ येऊ देत नाही. हे सांगायची मला लाज वाटत नाही, त्यांना वाटू दे.

मुलगी झाली. तिला औषध मिळालं, पुढे तिच्या सगळ्या तपासण्या साफ आल्या. गोड शेवट म्हणून हे सांगत नाहीये. मी जागची हलले नाही म्हणून ती वाचली. भाईजानचं ऐकलं असतं तर काय झालं असतं, ह्या विचाराने मला आजही संताप येतो. त्याने कधी माफी मागितली नाही. सुन्नत आमच्या धर्मातली आहे, तिच्याशी माझं काही भांडण नाही. तिच्याआड लपून बायकांवर चिखल उडवणाऱ्यांशी आहे.

आता जेठाचा मोठा मुलगा गल्फहून आलाय. मुलगी बघितलीय, गरीब घरची. येत्या रविवारी बोलणीला मुलीकडचे येणार आहेत. जेठाणीने मला निरोप पाठवला, तू त्या दिवशी बाहेर येऊ नकोस.

मी येणार. त्या मुलीच्या आईशेजारी जाऊन बसणार आणि म्हणणार, आधी दोघांचं रक्त तपासून घ्या, मग तारीख धरा. पोरगा चांगला असेलही, तपासल्यावर कळेल. जेठ म्हणेल, आमच्यात होत नाही. त्याला म्हणू दे. मग मी सगळ्यांसमोर उभी राहून सांगणार, मला झालाय. ह्याच घरात, ह्याच्याच भावाकडून.