एका खाटेवर दोघं
भस्माचा वास आला की मला लातूरच्या एका दवाखान्यातला वॉर्ड आठवतो. वडिलांना दम लागला होता, पाय सुजले होते, म्हणून देवणीहून त्यांना तिथं आणलं. सगळ्या खाटा म्हाताऱ्या माणसांनी भरलेल्या, खाली फरशीवरही गाद्या टाकलेल्या. शेवटी सिस्टरनं वडिलांना औशाच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराच्या खाटेवर, त्यांच्या पायाकडं डोकं करून निजवलं. त्या दुकानदाराला सगळे अप्पा म्हणत. ते लिंगायत, गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. वडील रात्रभर पाय पोटाशी घेऊन पडले. सकाळी सिस्टर रागावली, "बाबा, पाय लांब करा, सूज कशी उतरंल?" वडील म्हणाले, "त्यांच्या गळ्यात देव हाय. देवाकडं पाय कसं करू?" अप्पांनी ते ऐकलं. पूजा उरकून कपाळाला भस्म लावलं, उशी थोडी सरकवली आणि म्हणाले, "डोकं इकडंच करा की. कुशीवर निजू दोघं." तेव्हापासून दोघं एकाच उशीवर, पाठीला पाठ लावून झोपू लागले. कूस बदलायची तर दोघांनाही एकदमच बदलावी लागायची, म्हणून एकानं विचारायचं, "वळू का?" आणि दुसऱ्यानं "हाव" म्हणायचं. बरे होऊन वडील घरी आले. आता मी ज्यावर झोपतो त्या रुंद पलंगावर ते शेवटपर्यंत एका कडेलाच निजले. झोपेतच पुटपुटायचे, "अप्पा, वळू का?" आणि मी खालच्या अंथरुणावरून "हाव" म्हणालो की मगच वळायचे.