सोपटाच्या गाठी

आमच्या लेझरचा एक भाग निर्मळ गावी, आमच्या घराच्या ओटीवर तयार झाला होता, हे मी मुंबईच्या प्रयोगशाळेत माझ्या मार्गदर्शक सरांशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. तिथल्या लोकांना हसायला एवढंसं निमित्त पुरे.

मी फायबर लेझरवर पीएच.डी. करत होते. काचेच्या केसाएवढ्या तंतूत प्रकाश फिरवत ठेवून वाढवायचा, आणि तोही लांब तरंगलांबीचा, कारण संदेश वाहणाऱ्या केबलींतला तरंगलांबींचा नेहमीचा पट्टा अपुरा पडू लागला होता. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. त्याला तंतूही भरपूर लागतो. तो गुंडाळायचं यंत्र बिघडलं तेव्हा मी रीळच घरी आणलं. माझ्या हातांना घाम सुटायचा. तंतू सारखा गुंतला आणि मी वैतागून उठले. शेजारी आई मोगऱ्याचे गजरे करत होती. तिने हात पुसले आणि रीळ ओढून घेतलं.

"दे इकडं. तुझ्यानं नाय व्हायचं."

तिने सुरेख वेटोळं केलं. ते सुटू नये म्हणून गजऱ्याला मारतात तशा सोपटाच्या गाठीही मारल्या. सोपट म्हणजे केळीच्या खोडाच्या सालीचा दोरा. भिजवून बांधायचा, वाळला की ताठ होऊन रुतून बसतो. आमच्या वाडीत फुलं काय, भाजीची जुडी काय, सगळं त्यानेच बांधतात. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

वेटोळं लेझरमध्ये बसवलं त्याच आठवड्यात आईला तापाने दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही.

दिवसकार्य उरकून मी कामावर गेले. लेझर चालू होत होता, पण पडद्यावरच्या आलेखाचं टोक आखूड तरंगलांबीलाच अडून बसलेलं. माझ्या सरांनी सगळं तपासलं आणि शेवटी वेटोळ्यावर बोट ठेवलं. तंतू आवळला की प्रकाश गळतो, लांब तरंगलांबीचा तर जास्तच. मला हे पाठ होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

"ह्या गाठी काढाव्या लागतील," सर म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हवं तर उद्या करू."

उद्या काय वेगळं होणार होतं? आईने जन्मभर जे बांधलं ते संध्याकाळपर्यंत विकलं गेलं, नाहीतर कोमेजलं. तिच्या हातचं एवढंच उरलं होतं. मला त्या लेझरचा, सरांचा, माझ्या पदवीचा भयंकर राग आला. नखांनी गाठ सोडवून पाहिली. तिची गाठ कधी सुटायचीच नाही, गिऱ्हाइकं कुरकुरायची. शेवटी कात्री घेतली.

शेवटची गाठ कापली आणि पडद्यावरचं टोक लांब तरंगलांबीच्या बाजूला सरकून स्थिर झालं. मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सर शाबासकी द्यायला पुढे आले आणि मध्येच थांबले. मी खाली बसून सोपटाचे तुकडे वेचत होते. ते इतके वाळले होते की बोटांत धरताच त्यांचा चुरा होत होता.