पूजलेली मोटर

जळल्याचा वास माझ्याच नाकात आधी शिरला आणि तरीही माझा अंगठा कांडीवरून हलला नाही, एवढं सांगितलं की माझ्या यंत्रज्ञानाविषयी आणखी काही सांगायला नको. ज्योतीरामने स्वतः बनवलेली, बिनतारी चालणारी हातभर लांबीची मोटारगाडी चाळीच्या ओट्याला नाक टेकून उभी होती. पुढे सरकत नव्हती. मला वाटलं, आपणच जोर कमी लावतोय. म्हणून मी रिमोटच्या डब्यावरची कांडी पार शेवटपर्यंत रेटली. गाडी आधी कुंथली, मग तिच्यातून धूर आला, आणि मग ती अगदी शांत झाली.

ज्योतीराम नळावर हात धुऊन येत होता. त्याने धूर पाहिला, डबा माझ्या हातातून काढून घेतला आणि गाडीचं पोट उघडलं. मोटरच्या आतली तार काळी पडली होती. वेग कमीजास्त करणाऱ्या कंट्रोलरची तर वितळून जिलबी झाली होती.

"खांबेटे," तो म्हणाला, "मोटर अडली की करंट द्यायचा नसतो. फिरता आलं न्हाई की ती दुप्पट खाती, आन् सोताच जळती."

"दुसरी बसवू की," मी म्हणालो.

"परवा खंडेनवमी हाय."

ही गोष्ट चिंचवडच्या आमच्या चाळीत एक्क्याऐंशी साली घडली. ज्योतीराम आमच्या कंपनीत टूलरूमला होता, मी स्टोअर्समध्ये कारकून. तो वेळेच्या आधी कामावर जाई आणि मी वेळेच्या नंतर, एरवी आमचा काही तंटा नव्हता. आदल्या वर्षीच्या खंडेनवमीला त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली. तेव्हापासून तो टूलरूमच्या एका कोपऱ्यात स्टुलावर बसवलेला होता, आणि बारीक काम कुणी त्याच्याकडे देत नव्हतं. दसऱ्यानंतर त्याला फाटकावर बसवायचं, सकाळी कामगारांचे पितळी बिल्ले गोळा करायला, असं वर ठरत आलं होतं. हलकं काम, सावलीत खुर्ची, पगार तोच. पाहणाऱ्याला वाटावं, माणसाचं भाग्यच उजळलं. पण ज्योतीराम उदगीरहून इथे आला होता तो लोखंड घासायला. बिल्ले मोजायच्या कल्पनेने त्याचं जेवण तुटलं होतं. त्याची बायको, मंजुळावहिनी, माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "फाटकावर बसले की हे माणूस संपलं बघा."

शेवटी तो एकटाच मोठ्या साहेबांपुढे जाऊन उभा राहिला. साहेब मुंबईचे, मनाने वाईट नव्हते. ते म्हणाले, "या हाताने बारीक काम होतं हे मला दाखव. खंडेनवमीला मी येणारच आहे."

ज्योतीरामचा मेहुणा बोटीवर नोकरीला. त्याने जपानहून एक रिमोटवर चालणारी गाडी आणली होती आणि तीही वाटेतच मोडलेली. तिचा रेडिओ आणि मोटर तेवढी धड. बाकीचं सगळं, सांगाड्यापासून दातेरी चाकांपर्यंत, ज्योतीरामने आठ बोटांत घडवलं. नट पकडायला अंगठा आणि अनामिका, तार ओढायला दात. आणि मी, चाळीतला सुशिक्षित शेजारी, "बघू तरी कशी चालते" म्हणून ती ओट्याला नेऊन भिडवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी रजा टाकली आणि मोटर शोधायला निघालो. मोटर निवडणं म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. माझा समज असा, की ताकदवान ती चांगली. ज्योतीराम मात्र मोटर हातात घेतली की मुलगी देण्याआधी जावयाकडे पाहावं तसा पाही. धावतो किती हे शेवटी, आधी खातो किती ते विचारायचं.

पहिल्यांदा चाळीतल्या उद्धवरावांचा बंद पडलेला टेपरेकॉर्डर आम्ही उघडला. मोटर निघाली गोड, आवाज न करता फिरणारी. ज्योतीरामने नुसतं बोट टेकवलं तर थांबली.

"ही गाणं वढंल," तो म्हणाला. "गाडी न्हाई."

मग पिंपरीच्या एका गॅरेजातून ट्रकच्या वायपरची मोटर मिळवली. ती पाहून मी हरखलोच. "ज्योतीराव, हिच्यावर तर आपण दोघं बसून जाऊ!"

"तुमी बसा. सेल मातूर तुमीच हुयाचं." त्याने ती बॅटरीला जोडून चिंधीने आस आवळून धरला. करंट मोजणाऱ्या मीटरचा काटा पार टोकाला जाऊन चिकटला. "बघितलं? गाडीपरीस हीच जड. आन् येवढं खाणारी आणली तर कंट्रोलर बी तसाच दांडगा पायजे. त्यो बसवायचा कुठं, माझ्या डोक्यावर?"

दुपार सरत आली तेव्हा आम्ही देहूरोडला होतो, लष्कराचं टाकाऊ सामान विकणाऱ्या धोंडीबाच्या पालापुढे. ज्योतीराम ढिगाऱ्यासमोर उकिडवा बसला आणि एकेक मोटर फिरवून बाजूला ठेवू लागला. एकीचे कार्बन झिजलेले, दुसरीचा आस वाकडा. त्याच्या कपाळावर घाम होता आणि ओठ हलत होते. मी जवळ गेलो तर तो मोटरशीच बोलत होता, "चल ग माय, चल, येवढ्या बारीला." मी मागे सरलो. एखाद्याचं इतकं खाजगी बोलणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

धोंडीबाने आतून एक डबा आणला. "कुठल्या तरी पंख्याची हाय. लई जोरात न्हाई पळायची."

ज्योतीरामने ती लावून पाहिली, चिंधीने आवळली, पुन्हा सोडली. काटा अर्ध्यावर राहिला. कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर मी रंग पाहिला. "पळायचं कशापायी? साहेबाच्या पायापातूर जाऊन वळून आली की झालं."

आता या मोटरच्या भुकेच्या मापाचा कंट्रोलर हवा होता. मंजुळावहिनींनी न मागता आपली विजेची शेगडी पुढे केली. ज्योतीरामने तिची कॉइल उलगडली, चिनी मातीच्या फ्यूजवर वेढे घातले आणि कांडीच्या इशाऱ्याने वेढ्यांवरून सरकणारी पितळी पट्टी बसवली. पट्टी या टोकाला असली की गाडी हळू, त्या टोकाला गेली की जलद. तार दोनदा तुटली. दुसऱ्यांदा तुटली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बसून राहिला. वहिनींनी तारेचं टोक उचललं आणि त्याच्या बोटांत दिलं.

हे सगळं होईतो खंडेनवमीची सकाळ उजाडली. पूजेच्या आधी साहेबांना गाडी दाखवायची असं ठरलं होतं, पण शेवटचा टाका दिला तोवर आम्हाला उशीर झाला. टूलरूममध्ये लेथना झेंडूच्या माळा चढल्या होत्या, कामगारांची बायकामुलं दाटीने उभी होती, आरती संपली होती. ज्योतीराम साहेबांना आणायला धावला. जाताना गाडी माझ्या हातात देऊन गेला. ही त्याची चूक नव्हे, दुसरा कुणी मोकळा नव्हता.

हळदीकुंकवाचं ताट फिरत आलं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, गाडी पुढं करा की. तिला बी लावू." त्यांचे डोळे भरलेले होते. मला वाटलं, देवाचा हात लागला तर बरंच. मी गाडी पुढे केली. वहिनींनी तिला हळदकुंकू वाहिलं, टपावर झेंडूचं फूल ठेवलं आणि नमस्कार केला.

साहेब आले, घड्याळ बघतच. "हं, दाखवा. मला मुंबईची गाडी गाठायचीय."

ज्योतीरामने गाडी जमिनीवर ठेवली आणि डबा हातात घेतला. तेवढ्यात टूलरूमचे जुने मिस्त्री अर्जुनराव मध्ये आले.

"ज्योत्या, थांब. पूजलीया ती."

खंडेनवमीला पूजलेलं यंत्र दुसऱ्या दिवसापर्यंत चालवायचं नसतं. आदल्या वर्षी वरून हुकूम आला म्हणून पूजेनंतर प्रेस चालू केला होता, ओव्हरटाइमवर. त्याच प्रेसने ज्योतीरामची बोटं नेली. ती बोटं आपल्या रुमालात गुंडाळून दवाखान्यात नेणारे हेच अर्जुनराव. तेव्हापासून सगळ्या खात्याने शपथ घेतली होती. तो हुकूम साहेबांच्याच कचेरीतून गेला होता, त्यामुळे साहेब बुटांकडे बघू लागले. चालव म्हणण्याची त्यांची प्राज्ञा नव्हती.

"मिस्त्री, माझं काम जातंय हातातनं," ज्योतीराम म्हणाला.

"तुझ्याच बोटांसाठी ही रीत धरली आमी, बाळा," अर्जुनराव म्हणाले. "आता तूच मोडणार?"

मला राहवलं नाही. मी ओरडलो, "अहो, हे कसलं यंत्र? खेळणं आहे हे! खेळण्याला कसली रीत?"

अर्जुनरावांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "आसं म्हणता? खेळणं आसंल तर चालव बाबा. माझी ना न्हाई."

साहेबांनी मान वर केली. "खेळणं?" ते म्हणाले.

मी काय बोलून बसलो ते मला तेव्हा कळलं. ज्योतीरामने एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा गाडीकडे. त्याचा अंगठा कांडीवर होता. नुसता हो म्हणाला असता तर गाडी पळाली असती.

"खेळणं न्हाई," तो म्हणाला. "यंत्र हाय."

त्याने डबा बंद केला. साहेब "बरं, बघू पुढे," असं काहीतरी पुटपुटले आणि गाडी गाठायला गेले. संध्याकाळी फाटकाचा हुकूम निघाला.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर त्याने चाळीच्या अंगणात गाडी सोडली. ती ओट्यापाशी गेली, हळू झाली, वळली आणि परत आली. कंट्रोलर नुसता कोमट होता. पोरांनी टाळ्या पिटल्या. वहिनी दारातून आत निघून गेल्या. ज्योतीराम गाडी पुन्हा पुन्हा फिरवत राहिला, सेल उतरून ती मध्येच उभी राहीपर्यंत. मग त्याने ती उचलली आणि फडक्याने चाकं पुसली.

मी त्याच्याजवळ बसलो. काहीतरी बोलायला हवं होतं. "ज्योतीराव," मी म्हणालो, "मोटर मात्र नेमकी निवडलीत. आता पुढे काय?"

"उद्यापासनं येळेवर येत जावा खांबेटे, उशिरा आलात तर मी फाटक उघडणार न्हाई."